प्लेटवरचे वर्तुळ आणि वडिलांच्या तळपायाची जखम

माझे वडील ६१ वर्षांचे असून त्यांना गेली १४ वर्षे मधुमेह आहे. आम्ही करवीर तालुक्यात राहतो आणि घरची ऊसशेती आहे. पाच आठवड्यांपूर्वी तोडणी झालेल्या फडात उसाचा खुंट लागून त्यांच्या उजव्या तळपायाला, अंगठ्याच्या मुळाशी, जखम झाली. ती त्यांना दुखत नाही, त्यामुळे ते आजही शेतात जातात. आई रोज दगडी पाला वाटून, त्यात हळद घालून जखमेवर बांधते. गावातल्या डॉक्टरांनी दोन वेळा पाच-पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या दिल्या, पण जखम भरली नाही. आता तिला वास येऊ लागला आहे आणि पावलाच्या वरच्या बाजूला थोडी सूज आहे. पू तपासला तेव्हा स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि स्यूडोमोनास हे दोन जंतू आले आणि रिपोर्टमध्ये बऱ्याच औषधांपुढे ‘आर’, म्हणजे जंतू त्याला दाद देत नाही, असे लिहिलेले आहे. माझी धाकटी बहीण कोल्हापुरात सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करते. तिच्या प्रकल्पात दगडी पाला, कडुनिंब आणि हिरडा यांच्या मिथेनॉल या अल्कोहोलमधल्या अर्कांनी याच दोन जातींच्या जंतूंची वाढ रोखली. काचेच्या प्लेटवर हिरड्याच्या अर्काभोवतीचे, जंतू न वाढलेले वर्तुळ तर २१ मिलिमीटरचे आले. गोळ्या लागू पडत नसतील, तर बहिणीने केलेला अर्क बाबांच्या जखमेवर लावावा का? की आईचा पालाच चालू ठेवावा?
— एक वाचक, करवीर

तुमच्या शेवटच्या दोन प्रश्नांकडे वळण्याआधी पत्राच्या मध्यावर आलेल्या एका वाक्याबद्दल बोलणे भाग आहे, कारण त्याला थांबायला वेळ नाही. पाच आठवडे न भरलेली जखम, तिला नव्याने येऊ लागलेला वास आणि जखम तळव्याला असताना पावलाच्या वरच्या बाजूस आलेली सूज, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की संसर्ग कातडीखाली खोलवर, कदाचित स्नायुबंधांच्या आवरणांतून किंवा हाडापर्यंत पोचला आहे असे धरूनच चालावे लागते. म्हणून हे उत्तर वाचाल त्याच दिवशी वडिलांना शल्यचिकित्सक असलेल्या रुग्णालयात न्या. सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, तुम्हाला जवळ आहे. दुसरे एखादे रुग्णालय सोयीचे असेल तर तेही चालेल, पण गावात आणखी एक पाच दिवसांचा कोर्स करून पाहू असे मात्र म्हणू नका. जखमेभोवतीची लाली दोन सेंटिमीटरच्या पुढे सरकली असेल, बोट किंवा जखमेची कड काळी पडली असेल, थंडी वाजून ताप आला असेल, दाबल्यावर कातडीखाली कुरकुर जाणवत असेल किंवा नेहमीची साखर अचानक चढली असेल, तर सकाळ होण्याचीही वाट पाहू नका. ताप नाही म्हणून धीर धरणे धोक्याचे आहे. मधुमेहाच्या पायात गंभीर संसर्ग असूनही ताप न आलेले रुग्ण मी माझ्या नोकरीच्या काळात फार पाहिले आहेत.

‘त्यांना ती दुखत नाही’ असे तुम्ही लिहिले आहे. घरातल्या सगळ्यांना त्या वाक्याचा दिलासा वाटला असणार, पण माझ्या दृष्टीने पत्रातले सर्वांत काळजीचे वाक्य तेच आहे. उसाचा खुंट ज्या पायात घुसतो तो पाय दुखलाच पाहिजे. तो दुखत नाही याचा अर्थ वर्षानुवर्षे चढलेल्या साखरेने पायाच्या संवेदना नेणाऱ्या नसा निकामी झाल्या आहेत. निरोगी माणूस अशा जखमेवर पाऊल टेकवू शकत नाही, लंगडतो, आणि त्या लंगडण्यामुळेच जखमेला विश्रांती मिळते. तुमच्या वडिलांच्या पायाला ती राखण उरलेली नाही. अंगठ्याच्या मुळाशी तळव्यावर चालताना शरीराचा मोठा भार येतो, आणि शेतात दिवसभरात पडणारे प्रत्येक पाऊल ती जखम नव्याने चेचते. ही गोष्ट मनात ठेवा. अर्काबद्दलच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिच्यात आहे.

आता तुमच्या बहिणीचे काम. मी वैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्राची डॉक्टर असून माझे बहुतेक आयुष्य रुग्णालयांच्या प्रयोगशाळांत पू आणि रक्त यांतले जंतू वाढवण्यात गेले आहे. त्यामुळे प्लेटवर अर्काच्या खड्ड्याभोवती स्वच्छ वर्तुळ उमटलेले पाहून होणारा आनंद मला पुरता ठाऊक आहे. तिचा निकाल खरा आहे, त्याबद्दल मला शंका नाही. हिरड्यात टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असते, त्यातली चेब्युलॅजिक आणि चेब्युलिनिक आम्ले जंतूंच्या प्रथिनांना घट्ट चिकटतात. कडुनिंबात निंबोलाइडसारखी कडू द्रव्ये आहेत. हळदीतल्या कर्क्युमिनवर तर जगभर काम झाले आहे. प्रश्न निकालाच्या खरेपणाचा नाही. त्या निकालाने नेमके काय सिद्ध झाले, हा प्रश्न आहे.

बहिणीला तिची वही उघडायला सांगा आणि खड्ड्यात किती अर्क घातला होता ते पाहा. अशा प्रकल्पांत बहुधा एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असे द्रावण करून त्यातले १०० मायक्रोलिटर खड्ड्यात सोडतात. म्हणजे खड्ड्यात १० मिलिग्रॅम, अर्थात १०,००० मायक्रोग्रॅम अर्क गेला. तुलनेसाठी शेजारी ठेवलेल्या सिप्रोफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिकच्या चकतीत औषध असते फक्त ५ मायक्रोग्रॅम. दोन्हींची वर्तुळे जवळपास सारखी दिसली, तरी अर्क दोन हजार पट जास्त घालावा लागला आहे. शिवाय २१ मिलिमीटरच्या वर्तुळात खड्ड्याचा स्वतःचा व्यासही मोजलेला असतो. खड्डा ८ मिलिमीटरचा असेल तर जंतूंची वाढ खरोखर थांबली ती खड्ड्याच्या काठापासून साडेसहा मिलिमीटरपर्यंतच. वर्तुळाच्या मापावरून दोन वनस्पतींची तुलना करणेही अवघड आहे, कारण प्लेटमधल्या अगार या जेलीतून कोणता पदार्थ किती लांब झिरपतो यावर ते माप ठरते. टॅनिनसारखे मोठे रेणू हळू सरकतात, लहान रेणू भराभर पसरतात. त्यामुळे जास्त गुणकारी अर्काचे वर्तुळ लहान दिसू शकते आणि उलटही घडू शकते.

यासाठीच एमआयसी काढतात, म्हणजे जंतूची वाढ थांबवणारी किमान मात्रा. साध्या, शुद्ध न केलेल्या वनस्पती-अर्कांची ही मात्रा पुष्कळदा मिलिलिटरला काही मिलिग्रॅम इतकी येते. समजा तुमच्या बहिणीच्या अर्काची ती १२.५ मिलिग्रॅम आली. सिप्रोफ्लॉक्सॅसिनला बळी पडणाऱ्या स्यूडोमोनाससाठी औषधाची हीच मात्रा अर्ध्या मायक्रोग्रॅमच्या आत असावी लागते. म्हणजे फरक पंचवीस हजार पटींचा झाला. शिवाय वाढ थांबवणे आणि जंतू मारणे हेही एकच नव्हे. अर्क धुऊन टाकल्यावर तेच जंतू पुन्हा वाढू लागतात का, हे वेगळे तपासावे लागते.

माझ्या विद्यार्थिदशेत आमच्या एका प्रयोगात एका रानवनस्पतीचे मोठे देखणे वर्तुळ आले होते आणि आम्ही सगळे दोन दिवस त्याच आनंदात होतो. मग आमच्या बाईंनी नुसत्या द्रावकाचा, म्हणजे अर्क ज्यात काढला त्या द्रवाचा, खड्डा करायला लावला, आणि त्याच्याभोवतीही जवळपास तेवढेच वर्तुळ उमटले. जंतूंना वनस्पतीने नव्हे, द्रावकाने थोपवले होते. तुमच्या बहिणीने ही जोड-तपासणी केली असेलच. नसेल तर आधी ती करावी.

मिथेनॉलबद्दल स्वतंत्रपणे सांगते, कारण घरातल्या चर्चेत इथे एक गफलत झालेली दिसते. बहिणीच्या प्लेटवर जे जिंकले ते पानाची सुकी पूड मिथेनॉलमध्ये भिजवून, गाळून, द्रावक उडवून उरलेले घट्ट द्रव्य होते. आई पाट्यावर वाटते तो ओल्या पानाचा पाण्यातला रस आहे. मिथेनॉलमध्ये उतरणारी बरीच द्रव्ये पाण्यात उतरत नाहीत. कर्क्युमिन तर पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. त्यामुळे बहिणीच्या निकालाने आईच्या लेपाला दुजोरा मिळतो असे समजता येत नाही. ते दोन वेगळे पदार्थ आहेत. आणि मिथेनॉलचा अर्क तर जखमेवर लावण्याचा विचारही करू नये. त्यात द्रावकाचा अंश किती उरला आहे हे मोजलेले नाही, तो निर्जंतुक केलेला नाही, आणि मिथेनॉल हे माणसाला विषारी आहे.

ओल्या पाल्याबद्दल माझी खरी भीती आणखी वेगळी आहे. स्यूडोमोनास हा जंतू ओल्या मातीत, साचलेल्या पाण्यात, झाडपाल्यावर सहज राहतो. बांधावरून खुडून, विहिरीच्या पाण्यात खळबळून, वाटून लावलेल्या पाल्याबरोबर तोच जंतू जखमेत गेला असण्याची शक्यता मी नाकारू शकत नाही. मातीतून धनुर्वाताचे जंतूही येतात, म्हणून वडिलांना धनुर्वाताची लस शेवटची कधी दिली होती हे रुग्णालयात अवश्य सांगा. मग गावोगाव माणसे विळा लागला की दगडी पाला चोळतात आणि जखम बरी होते, ते कसे? होते, कारण रक्तपुरवठा चांगला असलेल्या, संवेदना शाबूत असलेल्या माणसाची छोटी चीर शरीर स्वतःच भरून काढते. पाल्याने रक्त थांबायला मदत झाली असेल, हे मी नाकारत नाही, पण भरून येण्याचे श्रेय पाल्याला देणे घाईचे आहे. मधुमेहाच्या जखमेत नेमके ते शरीराचे बळच खचलेले असते.

प्लेट आणि पाऊल यांतला सर्वांत मोठा फरक जंतूंच्या राहणीत आहे. प्रयोगशाळेत आपण ताजे, सुटे, भराभर वाढणारे जंतू पसरतो. शिवाय कॉलेजात वापरतात ती जंतूंची वाणे बहुतेक वेळा पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या किंवा चंदीगडच्या संग्रहातून आणलेली असतात. त्यांनी रुग्णालयातल्या औषधांचा मारा कधी सोसलेला नसतो, आणि तुमच्या वडिलांच्या पायातल्या जंतूंनी तो दोन वेळा सोसला आहे. जुन्या जखमेत हे जंतू एकमेकांना चिकटून, स्वतःभोवती चिकट आवरण विणून, थराने राहतात. त्याला बायोफिल्म म्हणतात. या थरातले जंतू सुट्या जंतूंच्या तुलनेत दहापट ते हजारपट औषध पचवतात. त्यात स्यूडोमोनासची आणखी एक तटबंदी आहे: त्याच्या पेशीला बाहेरून एक जादा पटल असते, ते अनेक वनस्पतिद्रव्यांना आत येऊ देत नाही, आणि जे आत शिरते ते बाहेर फेकणारे पंप त्याच्याजवळ असतात. म्हणूनच वनस्पती-अर्क स्टॅफिलोकोकसवर बऱ्यापैकी आणि स्यूडोमोनासवर जेमतेम चालतात, असा अनुभव वारंवार येतो. शिवाय जखमेत पू असतो, रक्त असते. टॅनिन त्यातल्या प्रथिनांना चिकटून तिथेच खर्ची पडते आणि जंतूपर्यंत थोडेच पोचते.

जंतूंना मारणारा पदार्थ जखम भरणाऱ्या पेशींनाही मारू शकतो, हेही विसरता येत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड ओतल्यावर फेस येतो, म्हणून जखम स्वच्छ झाली असे आपल्याकडे घरोघर मानतात. प्रत्यक्षात तो फेस नव्याने येऊ पाहणाऱ्या कोवळ्या मांसालाही जाळतो. हिरड्याचा तीव्र अर्क तसे करणार नाही, हे प्लेटवरून कळत नाही. त्यासाठी त्वचेच्या पेशी वाढवून त्यांच्यावर अर्क तपासावा लागतो. आणि उंदरांवर जखम भरल्याचे निष्कर्ष वाचताना लक्षात ठेवा, की उंदराची कातडी सैल असते आणि त्याची जखम मुख्यतः कडा आकसून मिटते. माणसाच्या तळव्याची कातडी घट्ट असते, तिथे नवे मांस भरून वर नवी कातडी यावी लागते.

हे सगळे वाचून मी वनस्पतींच्या विरोधात आहे असा समज करून घेऊ नका. तुमचे वडील मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असतील, आणि बहुतेक घेत असतीलच, तर त्या गोळीचे मूळ गॅलेगा नावाच्या एका युरोपीय वनस्पतीत आहे. त्या वनस्पतीतला गॅलेजिन हा पदार्थ साखर उतरवत होता, पण तो विषारी होता. त्याच्या जातकुळीतले सुरक्षित रसायन शोधून १९५७ साली ते माणसांसाठी वापरात आणले गेले. वनस्पती ते गोळी हा प्रवास म्हणजे मात्रा, शुद्धता आणि सुरक्षितता ठरवण्याचा प्रवास आहे. हळदीच्या पेटंटची गोष्ट तुमच्या बहिणीला ठाऊक असेल. जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिले गेले, डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. आपल्याला त्याचा अभिमान वाटतो, तो योग्यच आहे. पण त्या लढ्यात सिद्ध झाले ते इतकेच, की हा उपयोग भारतात आधीपासून ठाऊक होता, तो नवा शोध नव्हे. मधुमेहाच्या संसर्ग झालेल्या जखमेवर हळद गुणकारी आहे का, हा प्रश्न तिथे विचारलेलाच नव्हता.

परंपरेचा आधार घ्यायचा तर तोही पुरा घ्यावा. सुश्रुतसंहितेत मधुमेही माणसाच्या जखमा कष्टाने बऱ्या होतात असे स्पष्ट म्हटले आहे, आणि जखमेच्या उपचाराचे जे साठ उपक्रम सांगितले आहेत त्यांत नुसते लेप नाहीत. कापणे, फोडणे, खरवडणे, पू वाहू देणे, धुऊन शुद्ध करणे हे सारे आहे. मेलेल्या मांसावर रोज नवा पाला बांधणे त्या शास्त्रालाही मान्य झाले नसते. शिवाय दगडी पाला ही वनस्पती मुळात अमेरिका खंडातली, नंतर आपल्याकडे आलेली. प्राचीन वैद्यांनी ती पाहिलीही नव्हती.

मधुमेहाच्या पायावर वनस्पतींचे औषध खरोखर कुठे पोचले आहे, याचे मला माहीत असलेले सर्वांत चांगले उदाहरण तैवानचे आहे. आपल्या अंगणात कुंडीत असतो तो पानओवा आणि ओलसर जागी पसरणारी मंडूकपर्णी यांच्या अर्कांपासून तिथे एक मलम तयार झाले. २३६ रुग्णांवर चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडून घेतलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले: सोळा आठवड्यांत मलमाच्या गटातल्या ६०.७ टक्के रुग्णांची जखम पूर्ण भरली, स्राव शोषणाऱ्या ड्रेसिंगच्या गटात ३५.१ टक्के रुग्णांची. ही मोठी गोष्ट आहे. पण दोन बारकावे पाहा. ते मलम जंतू मारते म्हणून चालत नाही. जखमेतल्या भक्षक पेशींचा भडका शमवून त्यांना दुरुस्तीच्या कामाला लावते, म्हणून चालते. आणि चाचणीत संसर्ग पेटलेल्या जखमा घेतल्याच नव्हत्या. म्हणजे वनस्पतीचे चांगले औषधसुद्धा संसर्ग आटोक्यात आल्यानंतरच्या टप्प्यावर उभे आहे, आणि तुमचे वडील आज त्या टप्प्यावर नाहीत. मधुमेही पायावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत जखम भरण्यासाठी वनौषधींची ड्रेसिंग आणि मध वापरू नये असे सुचवले आहे, कारण आजवरच्या बहुतेक चाचण्या लहान आणि कच्च्या आहेत. हे मत पुढे बदलू शकते, आणि ते तुमच्या बहिणीसारख्या मुलींच्या कामानेच बदलेल.

म्हणून तिच्यासाठी थोडे लिहिते. सिप्रोफ्लॉक्सॅसिनशी वर्तुळांची स्पर्धा लावण्यात तिने वेळ घालवू नये. तिने आपला अर्क आणि अँटिबायोटिक एकत्र तपासावेत, आणि अर्काच्या अल्प मात्रेमुळे अँटिबायोटिकची लागणारी मात्रा चौथाईवर येते का ते पाहावे. दारुहळदीच्या जातकुळीतल्या एका अमेरिकन झुडपावर २००० साली प्रसिद्ध झालेले काम तिने जरूर वाचावे. त्या झुडपातले बर्बेरिन हे जंतुनाशक द्रव्य स्टॅफिलोकोकस आपल्या पंपाने बाहेर टाकतो. आणि त्याच झुडपात दुसरे एक द्रव्य सापडले, जे स्वतः जंतू मारत नाही पण तो पंप बंद पाडते. नुसत्या वर्तुळाच्या मागे लागलेल्या माणसाच्या हातून असे द्रव्य निसटून गेले असते. तिने बायोफिल्म तयार करून त्यावर अर्क तपासावा, जंतूंचे आपसातले रासायनिक संकेत अर्काने तुटतात का ते पाहावे, आणि शक्य झाल्यास रुग्णालयाच्या रीतसर परवानगीने खऱ्या रुग्णांच्या जखमांतून आलेली वाणे वापरावीत. हिरडा तर आंबा घाटापासून चंदगडपर्यंत आपल्या डोंगरात आहे; कोणत्या ठिकाणचा, कोणत्या महिन्यात गोळा केलेला, कोवळा की पिकलेला, हे तिने प्रत्येक वेळी लिहून ठेवावे, कारण त्यातले टॅनिन त्यानुसार बदलते. आणि स्वतःच्या वडिलांवर प्रयोग करू नये. तिचा हात वडिलांच्या ओढीने पुढे झाला आहे, हे मला समजते, पण त्यामुळेच त्या पायाकडे तटस्थपणे पाहणे तिला शक्य होणार नाही.

आता रुग्णालयात काय होईल आणि तुम्ही काय विचारावे, ते सांगते. पहिले काम मेलेले मांस आणि जखमेभोवतीचा जाड झालेला घट्टा कापून काढण्याचे, ज्याला तिथे डिब्राइडमेंट म्हणतात. बायोफिल्मवर आज आपल्या हाती असलेला सर्वांत भरवशाचा इलाज तोच आहे. त्यानंतर जखम मोठी दिसेल, त्याने घाबरू नका. डॉक्टर बोथट सळीने तळाला हाड लागते का पाहतील आणि एक्स-रे काढतील. पायाची नाडी लागते का, रक्तपुरवठा पुरेसा आहे का, हे डॉपलर या ध्वनिलहरींच्या यंत्राने तपासून घ्या असे तुम्ही स्वतः म्हणा, कारण रक्त जिथे पोचत नाही तिथे गोळी पोचत नाही आणि सलाइनमधून दिलेले औषधही पोचत नाही. कल्चर, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी, पुन्हा करावे लागेल, तेव्हा नमुना वरच्या पुवाचा न घेता, जखम स्वच्छ केल्यानंतर तळातल्या मांसाचा, आणि जमल्यास नवे अँटिबायोटिक सुरू होण्याआधी घेतलेला असावा. वरच्या पुवात पाल्यावरचे, फडक्यावरचे, हातावरचे पाहुणे जंतू असतात आणि रिपोर्ट नाहक भरतो.

तुमच्याकडच्या रिपोर्टवर ‘आर’ बरेच आहेत म्हणून अँटिबायोटिक संपले, असा अर्थ तुम्ही काढला आहे. तसे नाही. स्यूडोमोनास कित्येक औषधांना जन्मतःच दाद देत नाही. गावात दिलेल्या गोळ्या अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनेटच्या असतील, तर त्या त्याच्यावर चालणारच नव्हत्या; त्याच्यावर चालणाऱ्या गोळ्या मुळात फार थोड्या आहेत, बाकीची औषधे इंजेक्शनने द्यावी लागतात. रिपोर्टच्या खालच्या ओळींत ‘एस’, म्हणजे जंतूवर चालणारी, असे लिहिलेली औषधे बहुधा सापडतील, आणि त्यांतले कोणते द्यायचे हे मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते पाहून डॉक्टर ठरवतील. संसर्ग मांसापुरता असेल तर एक ते दोन आठवडे, हाडात शिरला असेल आणि हाड काढले नाही तर सुमारे सहा आठवडे औषध चालते. खर्चाची काळजी असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना भेटून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते ते विचारा.

यानंतर तुम्हा सर्वांना जड जाणारी गोष्ट म्हणजे पायावरचा भार काढणे. त्यासाठी प्लास्टरसारखे एक आवरण किंवा खास बूट देतात, आणि तो घरातल्या घरात, रात्री उठून चार पावले जातानाही घालावा लागतो. वडील म्हणतील, एक पाणी देऊन येतो. जाऊ देऊ नका. जखम भरल्यावरही त्यांनी पूर्वीची चप्पल वापरू नये. आपली कोल्हापुरी चप्पल मला प्रिय आहे, पण कडक चामड्याचा तळ, अंगठ्यावर आवळणारी पट्टी आणि उघडी टाच हे बधिर झालेल्या पायासाठी योग्य नाही. चप्पल चावते आहे हे त्या पायाला कळतच नाही. जोतिबाला किंवा अंबाबाईला अनवाणी जाण्याचा नवस कोणी बोलला असेल, तर तो घरातल्या दुसऱ्या कोणी फेडावा. पाय गरम पाण्यात शेकू नये, कारण पाणी किती कढत आहे हे त्यांना जाणवणार नाही आणि पाय भाजेल. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन बंद करून कारले-जांभळाच्या रसावर राहू नये, आणि डॉक्टरांना न सांगता दोन्ही एकत्रही घेऊ नये, साखर एकाएकी खाली जाऊ शकते.

आईंना हे कसे सांगायचे, याचा विचार तुम्हीच नीट करा. पाच आठवडे रोज सकाळी पाला शोधून, वाटून, नवऱ्याच्या पायाशी बसून ज्यांनी तो बांधला, त्यांना ‘तुमच्यामुळे बिघडले’ असे कोणी म्हणू नये, कारण ते खरेही नाही. जखम बिघडण्याची मुख्य कारणे साखर, बधिर पाय आणि त्यावरचे चालणे ही आहेत. त्यांना दुसरे काम द्या. रोज संध्याकाळी दोन्ही पाय, बोटांच्या बेचक्यांसकट, उजेडात पाहण्याचे काम त्यांच्याइतके मन लावून दुसरे कोणी करणार नाही.

निघण्यापूर्वी आज जखमेवर नवा लेप लावू नका. हळदीने जखमेचा तळ आणि भोवतालची कातडी पिवळी होते आणि लाली कुठपर्यंत गेली आहे हे डॉक्टरांना नीट दिसत नाही. असलेला पाला औषधाच्या दुकानातल्या सलाइनच्या बाटलीने हलकेच धुऊन काढा, स्वच्छ गॉज ठेवा, वडिलांना चालवत नेऊ नका, गाडीत पाय वर ठेवून बसवा. बरोबर जुना रिपोर्ट, दोन्ही वेळच्या गोळ्यांची पाकिटे आणि चालू औषधांची यादी घ्या, आणि त्या यादीत दगडी पाला व हळद किती दिवस लावली तेही लिहा.